तपासणीचं पाणी

शाळा सातवीतच सुटली, तरी जुलाबाच्या पुडीवरचं वाचता येत होतं: दोन लिटर पाण्यात विरघळवा. मी एका लिटरातच कालवली.

शहराच्या कडेला, पडेगावात आमच्या खोल्यांना टँकर आठ दिवसांनी यायचा. भोवती नव्या इमारती उठत होत्या, नळाची लाइन मात्र कुठंच नव्हती. पाच खोल्यांत संडास एक. ते औषध पिऊन पंधरा वेळा जायचं, तर बादल्या कुणाच्या वापरायच्या? माझं गाव भंडाऱ्याकडं, तलावांच्या मुलखात. इथं हक्कानं मागावं असं कुणी नव्हतं.

थोरला भाऊ आतड्याच्या कॅन्सरनं गेलेला. मलाही संडासवाटे रक्त पडलं, म्हणून डॉक्टरांनी दुर्बिणीची, आत नळी घालून बघायची तपासणी सांगितली.

टेबलावर कुशीवर झोपवलं. स्क्रीन समोरच.

"ताई, हे एआय," डॉक्टर म्हणाले. "आत पॉलिप, म्हणजे मांसाचा कोंब दिसला की भोवती हिरवा चौकोन काढतं. असल्या कोंबाचा पुढं कॅन्सर होऊ शकतो."

चौकोन आला. मी स्क्रीनकडं बोट केलं.

"फेस आहे तो."

परत आला. परत फेस. मग सगळं पिवळं, गढूळ. डॉक्टरांनी नळी थांबवली.

"खरं सांगा, औषध किती पाण्यात घेतलं?"

सांगितलं.

"घाणीखालचं यंत्रालाही दिसत नाही. ही दुसरी पुडी. उद्या या."

घरी येऊन उंबऱ्यावर बसले. शेजारच्या मावशीच्या ड्रमला कायम कुलूप. मी तिला भ्यायचेच. पण तिनं विचारलं आणि मी रडत सगळं बोलून गेले.

"लई शहाणी! पाणी वाचवून जीव घालवायला निघालीस व्हय?" तिनं कमरेची किल्ली काढली. "घे. अन् लाजू नको. आज संडास तुझा. बाकीच्यांना मी बघते."

दुसऱ्या दिवशी आतडं गुलाबी, स्वच्छ दिसलं. नळी मागं घेताना डॉक्टर आतड्याच्या एका घडीवरून सरकले आणि चौकोन नुसता चमकून गेला. ते थांबले. परत आत गेले. या वेळी फेस कुणी म्हणालं नाही. घडीआड हरभऱ्याएवढा कोंब होता. तारेच्या फासात धरून त्यांनी तो काढला, तपासायला पाठवला.

रिपोर्ट येईपर्यंत माझ्या भाकरी तव्यावर करपत राहिल्या.

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले. "वेळेत निघाला. तीन वर्षांनी परत बघू."

टँकर आला तशी पहिली बादली घेऊन मी मावशीच्या ड्रमाशी गेले. तिनं हात आडवा धरला.

"ठेव तुलाच. तीन वर्षांनी परत लागंल. तवर काय इथं नळ येतोय?"

मी तिचा हात बाजूला सारला आणि बादली ओतली.