पंधरा दिवसांचा विमा

कल्याणीबाई याळगी पन्नाशी उलटल्यावर गाडी चालवायला शिकल्या, आणि तेही हौसेनं नव्हे. बेळगावच्या कोर्टात सारा जन्म बोलण्यावर काढलेले त्यांचे यजमान, आनंदराव वकील, अर्धांगाच्या झटक्यानं एकाएकी गप्प झाले. हातपाय हळूहळू ताळ्यावर आले, पण जीभ काही वळेना. कोल्हापुरात वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई आहेत असं कळलं, तेव्हा दर खेपेला भाड्याची गाडी शोधण्यापेक्षा दारातली गाडी आपणच हाकायची, असं कल्याणीबाईंनी ठरवलं. शाळेत मुलांना मराठी शिकवणाऱ्या बाई स्वतः शिकाऊ झाल्या, एकदा गटारात चाक घातलं, आणि लायसन घेऊनच थांबल्या.

दवाखान्याच्या धावपळीत गाडीचा विमा कधी संपला ते मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं ते कोल्हापूरला पहिल्यांदा निघायच्या आदल्या दिवशी. मोबाइलवर शोधता शोधता एक जाहिरात पुढ्यात आली : 'गरजेपुरता विमा. सात दिवस, पंधरा दिवस, महिना. तपासणी नाही, पॉलिसी लगेच.' कल्याणीबाईंना ते फार सोयीचं वाटलं. आधी कोल्हापूर करून येऊ, मग सावकाश बघू. त्यांनी पंधरा दिवसांचा विमा घेतला. गाडीच्या नंबरासकट छान रंगीत पॉलिसी मोबाइलवर आलीसुद्धा.

आनंदराव शेजारी बसून बघत होते. त्यांनी स्क्रीनवर बोट आपटलं. "व... वर्... वर्ष..."

"हो ना, वर्ष होत आलं तुम्हाला आजारी पडून. म्हणून तर जायचंय," असं म्हणत त्या बॅग भरायला उठल्या. आनंदरावांनी डोळे मिटून घेतले.

सकाळी निपाणीच्या अलीकडं हायवेवर चौकीसमोर पोलीस गाड्या अडवून बघत होते. सौम्या नावाची तरुण फौजदार खिडकीशी आली. कल्याणीबाईंनी मोठ्या विश्वासानं मोबाइल पुढं केला. तिनं तो पाहिला आणि हातातल्या यंत्रात गाडीचा नंबर घातला.

"इन्शुरन्स इल्ला, मॅडम."

"इल्ला कसा? कालच घेतलाय!"

"या नावाची विमा कंपनीच नाही," सौम्या आता मराठीत सांगू लागली. "आणि आपल्या गाड्यांचा थर्ड पार्टी विमा कमीत कमी वर्षाचा असतो. पंधरा दिवसांचा कुणी विकत असेल तर तो कायद्यात बसत नाही. तुम्हाला फसवलंय."

आनंदरावांनी गुडघ्यावर थाप मारली. "व-र्ष."

कल्याणीबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. हा माणूस काल हेच सांगत होता. आपण त्याचं वाक्य आपल्या सोयीनं पुरं करून मोकळ्या झालो.

पलीकडून डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक बाई रस्ता ओलांडत होती. सौम्यानं तिकडं बोट केलं. "त्यांना तुमचा धक्का लागला असता तर? भरपाईला तुम्ही एकट्या. तुम्हाला झेपली नसती तर त्यांच्या घरच्यांनी कुणाकडं बघायचं?"

कल्याणीबाईंनी पर्स उघडली. दंड भरला. बेळगावच्या ओळखीच्या एजंटाला फोन लावून खरा विमा घेतला, पण तो उद्यापासून लागू होणार होता. तोवर गाडी चौकीसमोरून हलवता येणार नव्हती. भाड्याची गाडी तिथं मिळेना, आणि एसटीच्या उंच पायऱ्या आनंदरावांना अजून चढता येत नव्हत्या.

मागं थांबलेल्या पिकअपमधून एक जोडपं हे सगळं ऐकत होतं. बोरगावचे यल्लाप्पा आणि त्यांची बायको मालुबाई. यल्लाप्पा खाली उतरले. "आक्का, एका दिवसाचा तर प्रश्न हाय. आमच्याकडं चला."

"अहो, ओळख ना पाळख..."

"आता झाली की," मालुबाई म्हणाल्या आणि आनंदरावांसाठी पुढची सीट रिकामी करून स्वतः मागं जाऊन बसल्या.

बोरगावच्या घरी भाकरी, वांग्याचं कालवण आणि शेंगदाण्याची चटणी वाढून झाली. मालुबाईंनी आनंदरावांनाच विचारलं, "अण्णा, दही घालू का ताक?"

आनंदरावांचे ओठ हलायला लागले. कल्याणीबाई सवयीनं म्हणाल्या, "त्यांना दही..."

"थांबा की वाईच," मालुबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आमच्या आप्पालाबी असंच झालतं. शब्द आत असतोय, त्याला भाईर यायची वाट सापडत न्हाय. आपुन दम धरायचा."

त्या वाडगं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. जेवण थांबलं. यल्लाप्पांनीही हातातला घास तसाच धरला.

"ता... ताक," आनंदराव म्हणाले.

कल्याणीबाई आजारपणापासून त्यांना रोज दही वाढत आल्या होत्या.

संध्याकाळी यल्लाप्पांनी आपला मोबाइल काढला. त्यांच्या पिकअपचा विमा संपत आला होता आणि तीच जाहिरात त्यांनाही आली होती. "मी बी घेणारच हुतो, वकीलसाहेब. ह्यात वाईट काय असतंय, सांगा बघू."

आणि आनंदराव सांगायला लागले. एकेक शब्द ओढून काढत, मध्येच चुकत, चिडत, पुन्हा धरत. थर्ड पार्टी म्हणजे रस्त्यावरचा दुसरा माणूस, विमा त्याच्यासाठी, म्हणून तो सक्तीचा, म्हणून त्यात पळवाट नाही. कोर्टात जे अर्ध्या मिनिटात झालं असतं, त्याला बराच वेळ लागला. यल्लाप्पा पुढं वाकून ऐकत होते. कल्याणीबाई ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. नवऱ्याला पुन्हा वकिली करताना बघून त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी यल्लाप्पांनी दोघांना चौकीवर आणून सोडलं आणि विमा लागू झाल्याचं सौम्यानं यंत्रावर बघून घेतलं. कल्याणीबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "काल तुम्ही अडवलं नसतं तर मी त्या कागदाच्या भरवशावर कुठवर गेले असते कोण जाणे." सौम्या संकोचून हसली आणि हात सोडवून पुढच्या गाडीकडं गेली.

कोल्हापूर करून बेळगावला परतल्यावर सायबर पोलिसांकडं तक्रार गेली. ती आनंदरावांनी सांगितली आणि कल्याणीबाईंनी एकही शब्द स्वतःचा न घालता लिहून काढली. पैसे काही परत आले नाहीत. पण ती जाहिरात बंद झाली आणि फसलेली आणखी माणसं पुढं आली. त्यातली एकदोघं सल्ल्यासाठी याळगी वकिलांच्या घरीही येऊ लागली. आनंदरावांसमोर बसतात, वाट बघतात, समजून घेऊन जातात.

आता कोल्हापूरची खेप असली की परतताना गाडी बोरगावला वळते. मालुबाईंसाठी बेळगावच्या गोड कुंद्याचा डबा असतो. त्या तो ठेवून घेतात आणि डिकीत भाजीची पिशवी टाकतात. "एवढं कशाला दर खेपंला आणायचं?" असं दर वेळी म्हणतात.

कल्याणीबाई डिकी लावतात. त्या मालुबाईंना जवळ घेतात, आणि गाडीत जाऊन बसतात.