त्या हसण्यात मीही होतो

मी हसलो होतो. डॉक्टरांपेक्षा मोठ्याने. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर बाकीचं सांगता सांगता मी स्वतःला हळूच बाजूला काढून घेईन.

विठ्ठलवाडी स्टेशनच्या मागे आमची वस्ती. तिथल्या समाजमंदिरात आमच्या संस्थेचं तोंडाच्या कॅन्सरचं तपासणी शिबिर होतं. डॉक्टर ठाण्यात बसलेले, मोबाइलच्या पडद्यावर. माझं काम एवढंच. माणसाला खुर्चीत बसवायचं, गाल बाजूला करून उजेड पाडायचा, तोंडाच्या आतलं त्यांना मोबाइलमधून दाखवायचं. ते सांगतील त्याला पुढे हॉस्पिटलात पाठवायचं. गळ्यात ओळखपत्र, पायात बूट. वस्ती सोडून वर्तकनगरला भाड्याच्या खोलीत राहायला गेलो, तेव्हापासून इथे मी पाहुण्यासारखाच येत होतो.

रांगेत आक्का होती. माझी सख्खी मोठी बहीण.

ठाकुर्लीची धुण्याभांड्याची कामं उरकून तशीच आलेली. दात मिश्रीने काळे. भाजलेल्या तंबाखूची ती पूड आक्का लहानपणापासून दातांना लावते. सकाळी लावली की दुपारपर्यंत भूक लागत नाही. वर सुपारी. ती खुर्चीत बसली. मी मोबाइल तिच्या तोंडाजवळ नेला.

"अहो, आधी चूळ भरायला लावा यांना! वास इथे ठाण्यापर्यंत आला!"

स्पीकर चालू होता. डॉक्टरांच्या मागे कुणीतरी खिदळलं. रांगेतल्या बायका ओशाळून हसल्या. आणि मी हसलो.

"तुमच्यासारख्याच दिसतायत. नात्यातल्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही सर. इथल्या वस्तीतल्या आहेत."

रांगेतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं ती माझी कोण ते. आक्काने तोंड मिटलं. पदर ओठांवर धरला आणि उठली.

"ऱ्हाऊ द्या, सायेब," ती मला म्हणाली.

मला. जिने मला कडेवर घेऊन गावाकडून इथे आणलं. मी शाळेत जावं म्हणून जी स्वतः शाळेत गेली नाही. लोकांच्या घरात तिला फुटक्या कानाच्या कपात चहा मिळायचा, बाल्कनीत ठेवलेल्या. ते घरी येऊन सांगताना ती हसायची. मी मात्र चिडायचो. त्या घरांना आग लावीन म्हणायचो. मोठा झाल्यावर मी काय केलं? त्या घरांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

मी पुढच्या बाईला बसवलं. "हं, आ करा."

त्या क्षणभरात मी आक्काच्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा पाहिला होता, लगेच हॉस्पिटलात पाठवावं लागतं तसला. हे मी कुणाला बोललो नाही. परत जाऊन तिला बोलवायला हवं होतं. गेलो नाही. रात्री खोलीवर भात लावायचो, एकटाच जेवायचो. फोनमध्ये तिचं नाव उघडायचो आणि न लावताच ठेवून द्यायचो. दिवस गेले, महिने गेले.

भाऊबीजेला गेलो. ती नको म्हणाली नाही. ओवाळलं. मी करंजीचा तुकडा तिला भरवायला हात पुढे केला. तिने थोडासा मोडून घेतला, चहात बुडवला, मग ओठांतून आत ढकलला.

"आक्का, तोंड उघड."

"एवढंच उघडतं."

दातांच्या मधे तीन बोटं उभी जायला हवीत, हे मी शिबिरात लोकांना रोज सांगतो. तिचं एक बोट जेमतेम जात होतं.

"उद्याच हॉस्पिटलात जाऊ."

"न्हाई यायची."

"अगं, जिवावरचं दुखणं असेल हे."

"आसंल. पर तोंड कुणाला दावू? तुला? तू तर मला वळखत न्हाईस." तिचा आवाज चढला नव्हता. "समद्या बायांम्होरं झालं ते. घरात येऊन गोड बोलतोस, रं. तितं जीभ कुठं गेलती तुजी?"

मी तिथून उठून स्टेशनपर्यंत चालत आलो. बाकावर बसून राहिलो. तिचं बरोबर होतं. जिथे तोंड मिटलं होतं, तिथेच ते उघडणार होतं.

पुढचं आधीच सांगतो. आक्काच्या गालातला तुकडा तपासायला गेला आहे. निकाल यायचा आहे. उशीर झाला असेल तर तो माझ्यामुळे झाला. हे मी आता कुणावर ढकलणार नाही.

पुढच्या शिबिराला, मी विनवल्यावरून, शेजारणीने तिला हाताला धरून आणलं. त्याच बायका. तेच डॉक्टर पडद्यावर. मी स्पीकर मुद्दाम मोठा केला.

"सर, सुरू करण्याआधी एक सांगायचंय. मागे तुम्ही एका बाईला वासावरून बोललात. मी हसलो. ती माझी सख्खी बहीण आहे."

"अहो, ती मस्करी होती. एवढं काय मनाला लावून घेता? रांग मोठी आहे, चला."

"रांग थांबेल, सर. आज पहिली तीच बसेल. तुम्ही बघायचं आणि काय दिसतं तेवढंच सांगायचं. यापुढे इथल्या कुणाच्याही तोंडाला हसलात तर मी फोन बंद करीन आणि वर तक्रार करीन. मग मला काढून टाकलं तरी चालेल."

डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. बसवा त्यांना."

आक्का खुर्चीत बसली. पदर काढला नाही. माझ्याकडे बघत राहिली. मोबाइल मी टेबलावर ठेवला आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

"आक्का, मला तुझी लाज वाटली. म्हणून मी तुला ओळख दाखवली नाही. तुझ्या गालातला डाग मला दिसला होता, तरी मी गप्प बसलो. माझं चुकलं. तू माफ करू नकोस वाटलं तर. पण मी माफी मागतो."