चेहऱ्यांची कापडं

कतारमध्ये दोह्यातल्या नर्सेसच्या हॉस्टेलात माझ्या खोलीतली जोडीदारीण घानाची होती. तिची आई तिकडे राजधानीतल्या मोठ्या बाजारात कापड विकायची. नवा राज्यकर्ता आला की त्याचा चेहरा छापलेलं कापड निघायचं आणि बायका हौसेनं त्याचे झगे शिवायच्या. आई त्यातले तुकडे लेकीसाठी राखून ठेवायची. घानाचा इतिहास मी तिच्या ट्रंकेतल्या त्या तुकड्यांवरून शिकले. तळाशी इंग्रजांना घालवणारा पहिला नेता. त्याच्यासाठी आई रस्त्यात नाचली होती, आणि पुढे त्यानंच विरोधकांना खटल्याशिवाय तुरुंगात डांबलं. मग लष्कर आलं, मग निवडून आलेले, मग परत लष्कर. त्यातही एका जनरलनं दुसऱ्याला खाली ओढलं.

एकदा तिनं बाजूला टाकलेल्या जनरलच्या तुकड्याचं मी पायपुसणं केलं. जुन्या कापडाचं आमच्याकडे दुसरं काय करतात? ती भडकलीच. "त्याला खुशाल तुडव. पण कापड माझ्या आईच्या दुकानातलं आहे!" मी मुकाट्यानं ते धुतलं आणि त्याचा उशीला अभ्रा शिवला.

१९७९च्या जूनमध्ये तिकडच्या तरुण अधिकाऱ्यांनी बंड केलं. लाचखोरी, काळाबाजार सगळं साफ करू, म्हणाले. ही रेडिओला चिकटून. "खलास! चोरांचे दिवस भरले," म्हणत तिनं सगळ्या मजल्याला केळी तळून वाटली. मला धाकधूक होती, पण बोलणार कुठल्या तोंडानं? आणीबाणीवाले हरले तेव्हा मीही वॉर्डात साखर वाटली होती, आणि ते नवं सरकार आता आपसात भांडून कोसळायला आलं होतं.

तिनं आईला ट्रंक कॉल लावला. आई घाबरलेली. सैनिक बाजारात घुसून भाव ठरवत होते, साठेबाज म्हणून बायकांना फटके मारत होते. ही आईवरच ओरडली. खोलीत आल्यावर मला म्हणाली, "मी सांगितलं तिला, चोरांनाच मारतायत. तू चोर नाहीस, तर घाबरतेस कशाला?"

"अगं, आईशी असं बोलतात का?"

"तुला नाही कळायचं. आमचा देश पहिल्यांदाच स्वच्छ होतोय."

ऑगस्टमध्ये सैनिकांनी तो अख्खा बाजारच सुरुंग लावून उडवला. रेडिओवर ऐकूनही तिचा विश्वास बसेना. तिकडची लाइन लागेपर्यंत तिनं धड जेवण केलं नाही. आई शेवटी मावशीच्या घरी सापडली.

फोनवरून परतली आणि कॉटवर बसून सांगू लागली. दुकान गेलं होतं. कापडाचे गठ्ठे सैनिकांनी आधीच उचलून नेले होते. आणि आईला चौकात उभं करून, सगळ्यांदेखत, फटके मारले होते.

माझ्या अंगाची आग झाली. मेल्यांनो, तुमच्या नावानं हिनं केळी तळली, आणि तुम्ही हिच्याच आईवर हात टाकलात! मी तोंडाला येईल ते बोलत सुटले. तिनं मला थांबवलं.

"आई रडली नाही," ती म्हणाली. "एवढंच म्हणाली, 'बघणारे लोक टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, पोरी, तू इथं असतीस तर तूही वाजवल्या असत्यास.'"