शोकसभेतलं प्रेमगीत

लिलीच्या फुलांचा वास आला की मला आजही एक चर्च आठवतं. ऐंशीच्या दशकात, अमेरिकेतल्या कॅरी गावात, शेजारच्या स्कॉटिश आजोबांच्या अंत्यविधीत वाचायला त्यांच्या बायकोनं, आजींनी, मला आजोबांच्या लाडक्या कवीचं पुस्तक दिलं. अठराव्या शतकातला, म्हणजे भक्तिगीतं लिहिणारा संतच, असं मी धरून चाललो.

"अहो, घरी एकदा प्रॅक्टिस तरी करा," बायको म्हणाली.

"गाथेचं कुठलंही पान उघड, देवच भेटतो," मी म्हणालो.

चर्चमध्ये पान उघडलं. तिसऱ्याच ओळीत कवी मळ्यात एका मुलीचं चुंबन घेत होता. समोर सगळे काळे कोट. थांबायची भीती वाटली, म्हणून शेवटपर्यंत वाचलं.

बाहेर आजींनी हात धरला. "हीच कविता का निवडलीस?"

"मुद्दाम," मी घाबरून म्हणालो. त्या रडल्या, आणि मग हसल्या.

तेव्हा वाटलं, सुटलो. आज माझी बायकोही हयात नाही, आणि वाटतं, मी काही निवडलं नव्हतं हे आजींना कळलं होतं. फक्त ते खरं त्यांना ऐकायचं नव्हतं.