अण्णांचं नाक

वहिनींचा फोन आला, "रघू, अण्णा गेले," आणि मी पहिलं काय विचारलं असेल? "गाडींत होते का?" नुकत्याच विधवा झालेल्या बाईला विचारायची ही गोष्ट नव्हे. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "नाहीं पा, खुर्चींत. कापी प्याले, पेपर घेतला..." हृदयाने दगा दिला होता. खरं सांगतो, मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज पाच आठवडे झाले तरी जात नाही. एका जागी बसवत नाही. रस्त्यात कुणाचीही गाडी उभी दिसली की मी तिच्यामागे जाऊन हुंगतो. लोक म्हणत असतील, याचं डोकं फिरलंय.

गोपाळअण्णा माझे चुलतभाऊ, बारा वर्षांनी मोठे. तंजावूरच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, पण गोतावळ्यात त्यांची कीर्ती नाकाची. दूध नासणार हे त्यांना आधी कळायचं. लग्नघरात तुपाचा डबा उघडला की पहिल्यांदा त्यांच्यापुढे यायचा. वहिनी तर रोज साराची पळी त्यांच्या नाकाशी धरत, "हिंग पुरे का?" आणि ते म्हणतील ती पूर्वदिशा. आपल्यालाही नाक आहे, हे आम्ही बाकीचे विसरूनच गेलो होतो.

गेल्या आयुधपूजेची सकाळ. तुमच्याकडे तिला खंडेनवमी म्हणतात. आदल्या दिवशी अण्णांनी गाडीची टाकी काठोकाठ भरून आणली होती. पूजा आटोपली की वहिनींच्या बहिणीकडे पापनाशमला जायचं होतं. गाडी धुतलेली, चंदन-कुंकू लावलेली, चाकांखाली लिंबं. मी पोर्चमध्ये पाय ठेवला आणि पेट्रोलचा वास आला. तसं म्हटलं, तर अण्णा म्हणाले, "कसला वास? कांहीं नाहीं." वहिनी पुटपुटल्या, "मजही कालपासून येतो. हे म्हणतात, तुझा भास." आणि मी, पन्नाशी उलटलेला शहाणा माणूस, गप्प उभा राहिलो. अण्णा नाही म्हणतात म्हणजे नसेल! वहिनींनी तबकात कापराच्या वड्या रचल्या, गाडीपुढे उभ्या राहिल्या, काडी ओढायला घेतली... तेव्हा कुठे मला भान आलं. मी ओरडून काडेपेटी हिसकावली. तबक खाली पडलं. सणाच्या दिवशी असा अपशकुन झाला म्हणून वहिनी रडत आत गेल्या.

अण्णा मला गाडीमागे घेऊन गेले. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तर खाली बघत म्हणाले, "रघू, दोन वर्षें झालीं. तो ताप आला होता नं, त्यानंतर मज कसलाच वास येत नाहीं."

मी भडकलो. तोंडाला येईल ते बोललो. अजूनही आठवलं की राग येतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "सरी, बरें. आतां नाक तुझें, डोकें माझें. चावी लावायची नाहीं." आम्ही गाडी ढकलत उघड्यावर आणली, दारं उघडली. ते विचारत होते, मी हुंगत फिरत होतो. बॉनेटपाशी? नाही. आत, मागच्या सीटवर? थोडा. मागच्या डाव्या चाकाजवळ? तिथे नाक झोंबलं. "टाकी अर्धी असतां तुझी वहिनी कधीं वासाचें बोलली नाहीं. भरली तेव्हांच वास. म्हणजे टाकी नव्हे, टाकीकडे जाणारी वरची नळी." त्या दिवशी मेकॅनिक हत्याराला हात लावत नाहीत, हत्यारंही पूजेत असतात. दुसऱ्या दिवशी एकजण आला. चाकामागचं प्लॅस्टिक काढलं, तर आतला रबरी पाइप क्लिपेशी चिरलेला, ओलाचिंब. पाइप बदलला, क्लिप बदलली, टाकी पुन्हा भरली आणि मी तासभर गाडीभोवती घिरट्या घातल्या. वास नव्हता.

"वहिनीस सांगूं नकोस," अण्णा म्हणाले. "चाळीस वर्षें माझ्या नाकावर रांधते ती. कळलें तर तिचा हात कांपेल." मी कबूल झालो, अट एकच, टाकी भरली की मला बोलवायचं. त्याच दुपारी वहिनींनी पळी पुढे केली. अण्णांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "मिरें किंचित जास्त." वहिनींनी गंभीरपणे मान डोलावली. मी केळीच्या पानात डोकं घातलं. पुढे फोन यायचा, "नाक घेऊन ये," की मी निघायचो. आता तो फोन येत नाही. त्या माउलीला आम्ही दोघांनी मिळून फसवलं की सांभाळलं, हे विचारायला अण्णाही नाहीत.

हे सारं इथे मोकळेपणी लिहितोय त्याला कारण आहे. पिढ्यान्पिढ्या तंजावुरात राहूनही आमच्याकडे मराठी सगळे बोलतात, पण देवनागरी वाचता येते ती मला एकट्याला, पुण्यात नोकरी केली म्हणून. वहिनी तमिळ वाचतात. पेपरची ही पुरवणी त्यांच्या हाती पडली तरी बिघडत नाही, असं मनाशी धरून मी लिहायला बसलो होतो. काल त्या कॉफी घेऊन आल्या, शेजारी बसल्या. "अण्णांविषयीं लिहितोस म्हणे. छापून आलें कीं वाचून दाखव. एक ओळ गाळायची नाहीं."

"सरी, वहिनी."

दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "त्यांच्या नाकाविषयीं लिहिलेंस नं? तें नसलें तर ते अण्णाच नव्हेत."

"लिहिलें, वहिनी," मी म्हणालो, आणि समोरचा कागद पालथा घातला.