पडद्यावर बांधलेली मुलगी

मंडळी, कॉम्प्युटर क्लासचं निमित्त सांगून एसटीने सांगलीला आलेय. सायबर कॅफेतून लिहितेय, घरून लिहिणं शक्य नव्हतं.

दादा फौजेतून सुट्टीवर कुंडलला आलाय. येताना टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणलाय. सकाळी मित्रांबरोबर खेळत होता. राक्षस मेला की खांबाला बांधलेली मुलगी जिंकणाऱ्याला मिळते. मी सहज म्हटलं, "तिला कुणीच इचारत न्हाई व्हय रं दादा?"

दादा एकदम तापला. "खेळ हाय त्यो. तुमा शिकलेल्या पोरींस्नी समदीकडं पुरुषांचीच चूक दिसती. मी काय कुणाला बांधून घातलंय?"

मी तर गेममधल्या मुलीबद्दल बोलत होते. त्याला एवढं का लागलं ते कळेना.

दुपारी भाकरी थापता थापता आईने सांगितलं. दादाने पलटणीतल्या मित्राला माझ्यासाठी शब्द दिलाय. रविवारी सुपारी फुटणार आहे.

"मला इचारलं का न्हाई?"

"तुला काय इचारायचं? पोरगा चांगला हाय."

तुमच्याही घरी एवढ्याशा प्रश्नावर कुणी असं चिडलं, तर गेमवरून वाद घालत बसू नका. घरात तुमच्यामागे काय ठरलंय, ते आधी बघा.