समीक्षा आज चाचणीला का आली नाही

मंडळी, आज डोकं फिरलंय आणि राग कुणावर काढू तेच कळत नाहीये.

शिनोलीच्या पुढे एका वस्तीवरच्या शाळेत मी चौथीला शिकवते. आज मराठीची चाचणी होती, सगळ्या शाळांना एकच पेपर. समीक्षा आली नाही. ती अजून अक्षरं जुळवत वाचते, पण शाळा कधी चुकवत नाही. म्हणून मधल्या सुट्टीत तिच्या घरी गेले.

पोरगी ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. ताप नाही, काही नाही.

"का गं, आली नाहीस?"

"बाई, आज पेपर हाये ना. मी नसले की वर्गाला मार्क चांगले पडत्यात."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. मागल्या पेपरला मी आजारी व्हते. तवा आपला वर्ग पहिला आला. तुमी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मी बी वाजवल्या."

गैरहजर मूल सरासरीत धरत नाहीत, हे तिला कुणीच शिकवलं नव्हतं. वर्षभर मी घसा फोडून जे शिकवलं ते राहिलं बाजूला, हे मात्र तिला बरोबर समजलं.

"उद्या गणिताचा पेपर आहे. तू यायचंच," मी म्हटलं.

तिचे हात थांबले. "मग वर्ग खाली गेला तर रागावणार न्हाई ना?"

"नाही गं, मुळीच नाही."

तिला ते खरं वाटलं नाही. मान खाली घालून ती पुन्हा शेंगा सोलायला लागली.

शिक्षक मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या समीक्षाला तरी ते खरं वाटलं असतं का?